टिनाच्या भिंती

किन्हीराजाकडच्या आमच्या वस्तीला आग लागली ती एप्रिलातल्या भर दुपारी. माणसं वाचली, पण घरांची छपरं तासाभरात बसली. सत्तरच्या दशकातली गोष्ट. तेव्हा आमचा भाग अकोला जिल्ह्यात होता.

आठवड्यानं जऊळका स्टेशनवरून बैलगाड्या भरून टिनपत्रे आले. सोबत सरकारी खात्याचा एक साहेब. तात्पुरती घरं बांधायची होती. छप्पर टिनाचं आणि भिंतीही टिनाच्याच. आई साहेबाला आमच्या जळक्या घरापाशी घेऊन गेली. तुरीच्या काड्यांचा, तुराट्यांचा, मातीनं लिंपलेला कुड तिथं तसाच उभा होता, नुसता काळा पडलेला.

"टिन वरतून टाका साहेब, पावसाले चांगलं हाय. भिती आमी कुडाच्या करतो. तुराट्या हायत, माती हाय."

"तुराट्या पुन्हा पेटतील."

"मंग हा काहून नाही पेटला?"

साहेबानं कुडाकडं पाहिलंसुद्धा नाही. "वरच्या कचेरीतून भिंतींनाही टिनच मंजूर आहे, बाई."

वस्तीत मॅट्रिक झालेली मी एकटी. टिनाच्या खोल्या उभ्या राहिल्यावर 'घरे राहण्यास योग्य आहेत' असा कागद त्यानं माझ्यापुढं धरला आणि मी सही केली. का केली? त्यानं मला 'ताई' म्हटलं, बसायला खुर्ची दिली, म्हणून. साहेबापेक्षा जास्त राग मला आजही त्या सहीचा येतो.

मे महिन्यात त्या खोल्यांत पाय ठेववत नव्हता. दिवसभर आम्ही निंबाखाली बसायचो. एका दुपारी भावाची दीड वर्षाची लेक खेळता खेळता आत गेली आणि भिंत धरून उभी राहू लागली. तिची किंकाळी ऐकून आम्ही धावलो. दोन्ही तळहात फोडांनी भरले होते.

आईनं कुऱ्हाड घेऊन भिंतीचे पत्रे बांधलेल्या तारा तोडायला सुरुवात केली. मग बाकीच्या बायाही उठल्या. आठवडाभरात आम्ही तुराट्या बांधल्या, माती-शेणानं लिंपल्या, वरच्या टिनावर पळसाच्या फांद्या टाकल्या.

साहेब आला तो ओरडतच. "सरकारी मालाची नासधूस! घरं योग्य आहेत, ही तुमच्याच मुलीची सही आहे."

"सही माही हाय," मी म्हटलं. "अन् खोटी हाय. लिवा तसं."

आईनं शेवटच्या खोलीकडं बोट दाखवलं. तिच्या भिंती आम्ही अजून काढल्या नव्हत्या. "घडीभर तिथं बसा साहेब. मंग करा पंचनामा."

तो दारापर्यंत गेला. पत्र्याला हात टेकला आणि झटकन मागं घेतला. पंचनामा झाला नाही.

काही महिन्यांनी एका कामासाठी कचेरीत गेले, तेव्हा कारकुनानं आमच्या वस्तीवरच्या अहवालाची प्रत दाखवली. 'स्थानिक साधनांचा वापर करून खात्याने थंड व टिकाऊ निवारे उभारले.' खात्यानं! आमच्या बायांच्या बोटांना तुराट्यांच्या चिरा पडल्या होत्या. मी तो कागद टेबलावर आपटला आणि बाहेर आले.

पुढच्या उन्हाळ्यात मानोऱ्याकडचा एक तांडा जळाला. तिथंही खात्यानं टिनच पाठवलं, छपराला आणि भिंतींनाही.