गयेला सोडलेली सिगारेट

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलीला नाही, आणि आईला तर — आईला कळू नये म्हणूनच हे सगळं झालं. आता तुम्हाला सांगायला बसलो, तर आधी उठून दार नीट लागलंय का ते पाहून आलो. घरात मी एकटाच आहे. तरी पाहून आलो. असा माणूस आहे मी — घाबरट. एवढं तुम्हाला आधीच कळलेलं बरं.

लोक मला विचारतात, सिगारेट कशी सोडलीत हो? आमच्या नात्यागोत्यात मी त्याबद्दल प्रसिद्ध आहे. कुणाचा जावई, कुणाचा भाचा ओढणारा निघाला की त्याला माझ्यासमोर आणून बसवतात. काकांकडे बघ म्हणतात, गयेला सोडली ती सोडलीच. मी मान हलवतो. दुसरं काय करणार? गयेला मी सोडली होती, हे खरंच आहे. एकोणीस दिवस.

सत्तर साली माझी कलकत्त्याला बदली झाली. केंद्र सरकारच्या एका खात्यात मी अधिकारी होतो. बालीगंजमध्ये दुसऱ्या मजल्यावर घर मिळालं — मी, सुमती, आमची शाळेत जाणारी नीला आणि माझी आई. कलकत्त्याला बदलून गेलेल्या मराठी माणसाचं घर म्हणजे काशी-गयेला निघालेल्या झाडून साऱ्या नातेवाइकांची धर्मशाळा. त्यांची जा-ये बघून आईनेही लावून धरलं, इतके जवळ आलोय तर वडिलांचं गयेला करून टाकू. वडील छातीच्या दुखण्याने गेले होते. विडीने गेले, असं आई म्हणायची — आणि माझ्याकडे बघून म्हणायची.

गयेला पिंडदान झालं की वडाखाली काहीतरी सोडायचं असतं. एखादं फळ, एखादी भाजी, एखादी आवडती वस्तू. ती जन्मात पुन्हा घ्यायची नाही. आपल्या लोकांची यातली हुशारी तुम्हाला ठाऊक असेल. माझ्या मामांनी पडवळ सोडलं, जे त्यांनी त्याआधीही कधी तोंडात घातलं नव्हतं. मीही कारलं ठरवून गेलो होतो. तिथला उपाध्याय माझ्या हातावर पाणी घालणार, इतक्यात आई मागून म्हणाली, "सिगारेट सोड. त्यांच्या नावाने सोड."

नाही कसं म्हणणार? सोडलं पाणी. सोडलेली वस्तू पुन्हा घेतली तर पिंड पोचत नाही, गेलेला माणूस अडकून राहतो, असं उपाध्यायाने वर बजावलं. आईने ते हात जोडून ऐकलं. मी शिकलासवरलेला, मला मनात हसू आलं. पण परतीच्या गाडीत ते हसू कुठे गेलं कोण जाणे.

विसाव्या दिवशी ऑफिसातून येताना मी एक थांबा आधी ट्राममधून उतरलो. का उतरलो? पाय मोकळे करायला, असं स्वतःला सांगितलं. कोपऱ्यावर एका बिहारी पानवाल्याचं दुकान होतं. खांबाला जळता दोर टांगलेला असायचा, त्यावर गिऱ्हाइकाने आपली सिगारेट पेटवून घ्यायची. मी एक घेतली, पेटवली, आणि पहिल्याच झुरक्याला मला वडिलांची ढास ऐकू आली. खोटं नाही सांगत. अंगावर काटा आला. तरी संपेपर्यंत ओढली.

मग रोज एक. सहा वाजून दहा मिनिटांनी. ओढताना भीती, ओढून झाल्यावर भीती. मूठभर बडीशेप चावायची, बोटं नळाखाली घासायची, जिना चढताना श्वास बाहेर सोडत जायचं. रोज ठरवायचो, ही शेवटची. घरात आई आल्यागेल्याला सांगायची की आता हे मोकळे झाले, हे म्हणजे वडील. मी ताटात बघत जेवायचो.

तिथेच मला एकदा तपन भेटला. आमच्या खाली तळमजल्यावर घोषबाबू राहायचे, शाळेतून निवृत्त झालेले मास्तर, एकदम कडक. तपन त्यांचा एकुलता एक. एम.एस्सी. करत होता आणि आमच्या नीलाला गणित शिकवायचा. दुकानापाशी वळलो तर समोर हा. मला बघताच त्याने सिगारेट पाठीमागे लपवली, कारण वडीलधाऱ्यांसमोर ओढायची नाही ही तिथली रीत. आणि गंमत बघा — मीही माझी पाठीमागे लपवली! दोघांच्या पाठीमागून धूर. दोघेही हसलो. तो म्हणाला, काकाबाबू, माझ्या बाबांना कळलं तर मला घराबाहेर काढतील. मी म्हणालो, माझ्या आईला कळलं तर तिचा जीव जाईल. मग ठरलं, कुणी कुणाचं सांगायचं नाही. त्यानंतर आम्ही कितीतरी संध्याकाळी तिथे उभे राहिलो. चांगला मुलगा होता. नीलाच्या चुका मला रंगवून सांगायचा.

ते दिवस तुम्ही ऐकून असाल. भिंती घोषणांनी रंगलेल्या, गल्लीबोळांत बॉम्ब, पोलिसांच्या गाड्या. विशी-पंचविशीचा मुलगा घरी परत येईपर्यंत आईबापांच्या जिवात जीव नसायचा. असंच एका शुक्रवारी आम्ही दुकानापाशी उभे होतो आणि लांब रेल्वे स्टेशनच्या बाजूने मोठा आवाज झाला. पानवाल्याने भराभर फळ्या लावल्या. तपन म्हणाला, काकाबाबू, आता सरळ घरी चला. आम्ही बरोबरच निघालो. गल्लीच्या तोंडाशी नेहमीसारखे वेगळे झालो — घरच्यांनी एकत्र बघू नये म्हणून.

स्टेशनजवळ पोलिसांच्या गाडीवर बॉम्ब पडला होता. एक शिपाई जबर जखमी झाला. आठच्या सुमाराला पोलिसांनी वस्तीतली मुलं उचलली, त्यात तपनही होता. बॉम्ब टाकणाऱ्यांत तो होता, असं त्यांचं म्हणणं. मी वरून, खिडकीच्या पडद्याआडून पाहिलं. त्या वेळी तो कुठे होता हे सांगू शकणारा मीच, हे अजून मला कळलं नव्हतं — की कळून न कळल्यासारखं केलं?

रविवारी सकाळी घोषबाबू वर आले. आई मेथी निवडत बसली होती, सुमती चहा टाकत होती. ते बसले नाहीत. नेहमी इस्त्रीचं धोतर नेसणारा माणूस, त्या दिवशी धोतर चुरगळलेलं होतं.

"लिमयेबाबू," ते म्हणाले, "तपन बोलता है, उस टाइम वो आपके साथ था. पान के दुकान में सिगरेट खा रहा था. हम तो जानता भी नहीं था कि वो सिगरेट खाता है. कल थाने के हाजत में हमारा पाँव पकड़ के बोला." मग थोडं थांबून म्हणाले, "आप सेंट्रल गवर्नमेंट का अफसर है. आपका बात वो लोग शुनेगा."

पानवाला शनिवारीच दुकान बंद करून मुलुखाला निघून गेला होता. म्हणजे उरलो मी एकटा.

पण माझ्याआधी आईच बोलली. तिला हिंदी कळायची, मोडकीतोडकी यायचीही. अभिमानाने म्हणाली, "हमारा बेटा गया में छोड़ के आया. अब हात भी नहीं लगाता."

घोषबाबूंनी तिच्याकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे बघत राहिले.

मला तेव्हा काय वाटलं ते नीट सांगायला हवं. पोलिसांची भीती? होती. नोकरीची, बॉम्ब टाकणाऱ्या त्या मुलांची? सगळी होती. नंतर मी वर्षानुवर्षं त्याच भीतींची नावं घेत आलो, कारण त्या माणसाला शोभतात. पण त्या क्षणी खरी भीती एवढीच होती की आई मान वर करून माझ्याकडे बघेल. चाळिशीतला माणूस मी. एका बापापुढे मुलाचा जीव टांगलेला, आणि मी भ्यालो ते आईला.

"मैं उस दिन सीधा घर आया," मी म्हणालो.

आवाज अजिबात कापला नाही.

घोषबाबू वळले. कठडा धरून एकेक पायरी उतरत गेले. सुमती चहाचा कप घेऊन दारात उभी होती. माझे शर्ट तीच धुवायची. तिला वास आला नसेल? तिने कप परत आत नेला आणि पुढे कधी या विषयावर एक अक्षर काढलं नाही.

आईच्या नकळत मी पोलिसांकडे जाऊ शकलो असतो की. निघालोही होतो, मंगळवारी. ट्राम ठाण्यासमोर थांबली. मग मनात आलं, ते विचारतील, रविवारी नाही का म्हणालात? घोषबाबूंनी तसं तिथे सांगितलं असेल तर? ट्राम सुटली. मी बसून राहिलो. दुसऱ्या दिवसापासून ट्रामच बदलली. घोषबाबूंचं दार उघडं असलं की जिन्यात थांबून राहायचो, बंद झालं की उतरायचो.

सिगारेट मात्र त्या रविवारपासून सुटली. पुन्हा इच्छाच झाली नाही — नाही, इच्छा व्हायची, पण हातात धरली की घाम फुटायचा. हा माझा निर्धार. हे मी भाच्या-जावयांना शिकवतो.

तपन दोन वर्षांनी सुटून आला. डाव्या कानाने ऐकू येत नव्हतं, एका हाताची बोटं मिटत नव्हती. एम.एस्सी. राहिली ती राहिलीच. एकदा जिन्यात तो समोर आला आणि मला पळायला जागा नव्हती. पूर्वीसारखाच तो भिंतीला टेकून बाजूला झाला, वडीलधाऱ्या माणसाला वाट द्यायला. "भालो आछेन, काकाबाबू?" म्हणाला. बरे आहात ना? मी हो म्हणालो आणि वर गेलो. त्याने आमच्या घरी कुणाला काही सांगितलं नव्हतं. शेवटपर्यंत सांगितलं नाही.

आई कलकत्त्यातच गेली. जाण्याआधी माझा हात धरून म्हणाली, तू शब्द पाळलास, ते सुटले. मी तिला तसंच जाऊ दिलं. पुढे माझी नागपूरला बदली झाली. घोषबाबू कधी वारले ते मला माहीत नाही. तपनचं पुढे काय झालं तेही मी कधी विचारलं नाही.

त्या शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांपासून आवाज होईपर्यंत आणि त्यानंतरही तपन घोष त्या पानाच्या दुकानापाशी माझ्या शेजारी उभा होता. स्टेशनपासून ते दुकान मैलभर लांब आहे. तो आवाज आम्ही दोघांनी तिथेच ऐकला. मी सिगारेट ओढत होतो.