सुट्टीच्या दिवशीचा सिंह

मे महिन्यात सिल्वासात सकाळी नऊलाच पंख्याची हवा गरम लागायला लागते. तरी मी आमच्या मराठी शाळेत पंधरा दिवसांचा वाचनाचा आणि गोष्टी रचण्याचा वर्ग घ्यायचं ठरवलं. कोकणातून इथे शिक्षिका म्हणून येऊन मला बरीच वर्षं झाली होती, आणि वाचता येत असूनही पुस्तक न उघडणारी मुलं बघून मी कावून गेले होते.

चौदा मुलं आली. चार दिवस आम्ही नुसतं वाचलं. पाचव्या दिवशी म्हटलं, "आता स्वतःची गोष्ट सांगा. वाचलेली नको, ऐकलेली नको."

पहिला मुलगा उठला. हात मागे बांधून त्याने पाठ केलेली गोष्ट एका दमात म्हणून टाकली आणि शेवटी ठणकावून सांगितलं, "तात्पर्य, नेहमी खरे बोलावे." दुसरीचंही तेच. तिसऱ्याचंही. माझं डोकं तडकलं. "यापुढे कोणी तात्पर्य सांगितलं तर बाहेर उभं करीन!" मी ओरडले. मग कोणी तोंडच उघडेना.

बऱ्याच वेळाने एक नऊ वर्षांची मुलगी उठली. तिचे वडील धुळ्याकडचे, अथालच्या बाजूला धाग्याच्या कारखान्यात पाळीवर जाणारे. ती म्हणाली, "वासोण्याना शेर शे ना मॅडम, त्याले छुट्टीना दिवस गमत नाही. बस येत नाही, माणसं येत नाही. मग तो कोणले देखी?"

वासोण्याची सिंह सफारी बंद असली की सिंहाने कोणाकडे बघत बसायचं? मी जे मागत होते, ते हेच होतं. आणि मी काय म्हणाले?

"शेर नाही, सिंह म्हण."

तिने पुन्हा सुरुवात केली. "सिंहले गमत नाही..."

"गमत नाही नव्हे, करमत नाही."

"मग तो कोणले..."

"कोणले नाही बाळ, कोणाला."

तिने माझ्याकडे पाहिलं. "बस, इतलीच शे," म्हणाली आणि खाली बसली.

त्यानंतर ती रोज आली, पण बोलली नाही. तीन दिवसांनी तिची आई आली. म्हणाली, "मॅडम, तिला तुमच्यासारखं बोलायला शिकवा. आमचं ऐकून पोरी हसतात तिला."

"अहो, ती फार छान गोष्ट सांगत होती."

"छान कसली? तिला सिंह बी म्हणता येत नाही, तीच सांगत होती घरी."



त्यातच मुख्याध्यापिकाबाईंनी वर्गाच्या समारोपाचा कार्यक्रम काढला. पाहुणे येणार, मुलं गोष्टी सांगणार. मी म्हटलं, "बाई, हे स्नेहसंमेलन नाही. मुलांना निवांत वाचू द्या." त्या म्हणाल्या, "पाहुण्यांना काहीतरी दिसायला नको का? मुलांनी धडाधड बोललं पाहिजे." दोन दिवस वाद घातला आणि मग मी गप्प बसले. मला माझाच राग येत होता.

समारोपाला ती मुलगी नवा फ्रॉक घालून आली. आईने पाठ करून घेतलेली गोष्ट तिने एकही चूक न करता म्हटली. सिंहाला सिंह म्हणाली, शेवटी तात्पर्यही सांगितलं. टाळ्या पडल्या. पाहुणे मला म्हणाले, "उच्चार किती शुद्ध करून घेतलेत!" मी हसून मान हलवली. तिची आई डोळे पुसत होती.

चिवड्याच्या बशा फिरत असताना मी तिला पायरीवर गाठलं. "तुझ्या त्या वासोण्याच्या गोष्टीत पुढे काय होतं गं?"

"ती चुकलेली होती."

"नव्हती. मीच मध्ये मध्ये बोलले. चुकलं माझं. तुला हवी तशी सांग."

तिने लांब उभ्या असलेल्या आईकडे पाहिलं, हातातला चिवडा संपवला. "विसरले," म्हणाली. अगदी शुद्ध मराठीत.

जूनमध्ये तिचं नाव इंग्रजी शाळेत घातलं, असं कळलं. पुन्हा भेट झाली नाही.

या वर्षी मी बाईंना सांगून टाकलं की समारोप करणार नाही. त्या म्हणाल्या, मग शाळेची खोली मिळणार नाही. म्हणून आमच्या इमारतीच्या जिन्याखालच्या मोकळ्या जागेत चटई टाकून बसते. सहा मुलं येतात. मी ठरवलंय, कोणाला अडवायचं नाही, आणि ओठ घट्ट मिटून ऐकते. काल रांध्याहून येणारी एक मुलगी आगगाडीची गोष्ट अर्धी गुजराती, अर्धी मराठी अशी मजेत सांगत होती. तर मागून दुसरी म्हणाली, "ए, गाडी 'आवी' नाही, गाडी 'आली' म्हण."

मी तिच्यावर केवढ्यांदा ओरडले! तेव्हापासून दोघीही गप्प आहेत.