मापाच्या वहीतली अर्धी ओळ

वाणी ही देवाची ठेव. मालकाने आपली ठेव परत नेली, तर भांडावे कोणाशी? तरी शिंप्याची बायको भांडत होती. रोज सकाळी, दुकानाचे दार उघडले की.

तिचा नवरा माप सांगताना आकड्यामागे एक शाब्दिक कोटी जोडी. वहीत ती गिऱ्हाइकाचे नाव लिहीतच नसे. आकडा आणि कोटी, एवढ्यावर माणूस ओळखू येई. घरमालकाच्या मापापुढे होते, ‘खिसा खोल, हात आखूड.’ काडीपहिलवानापुढे, ‘छाती बत्तीस, ऐट बेचाळीस.’ रागावणे तर दूरच. नवी ओळ मिळावी म्हणून लोक धड कपडे उसवून आणीत.

मग अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, जीभ गेली. डॉक्टर म्हणाले, “पाठ असलेलं आधी परततं. सहा महिने बघा.”

म्हणून ती वही घेऊन बसे. अर्धी ओळ वाची, अर्धी त्याच्यासाठी सोडी.

“खिसा खोल...”

“हं,” तो म्हणे.

“हं काय? माझ्या माहेरावर घसरायची तेव्हा बरी चालायची जीभ.”

त्याचे डोळे हसत. ओठ तेवढे हसत नसत.

सहावा महिना सरता सरता काडीपहिलवान सदरा घेऊन आला. “छाती बत्तीस...” म्हणून ती नवऱ्याकडे पाहत थांबली. त्याचे ओठ जुळून आले होते, तेवढ्यात गिऱ्हाईकच लाडाने बोलून गेले, “ऐट बेचाळीस. बरोबर ना, मास्तर?”

मास्तरांनी तोंड भिंतीकडे फिरवले. काडीपहिलवान सदरा ठेवून खालमानेने निघून गेला.

दुपारी तिने नवऱ्यालाच टेप लावली. त्याचे सगळे सदरे आता अंगावर लोंबत होते. अडतीसची छाती चौतीस भरली. आकडा लिहून, पेन्सिल धरून, ती थांबली. फार वेळ थांबली. अखेर त्याने डाव्या हाताने वही तिच्याकडे सरकवली.

“मला कुठे जमतं हो?”

वही आणखी सरकली. तिने लिहिले आणि हळूच वाचले, “छाती चौतीस, उरलेली चार माझ्याकडे.”

“हं,” तो म्हणाला, आणि तिच्या पदराचे टोक मुठीत धरून बसला.

दुसऱ्या सकाळी तिने दुकान उघडले, केर काढला, यंत्राला तेल घातले. वही मात्र फळीवरून काढली नाही.