एकाच तारखेचे दोन शिक्के

धाकट्या भावाच्या तेराव्यानंतर त्याच्या कपाटातून अत्तराच्या वासाचा जुना पासपोर्ट निघाला आणि यूएई-ओमान सीमेवरची हत्ताची सरहद्द-चौकी आठवली. ईदच्या सुटीत आम्ही दोघं त्याच्या गाडीने तीन दिवसांसाठी मस्कतला निघालो होतो. माझा पासपोर्ट, तिकडे आम्हा कामगारांसाठी असलेल्या रिवाजाप्रमाणे, कंपनीच्या तिजोरीत. शारजात सगळीकडे चालणारी त्याची झेरॉक्स इथेही चालेल असं मी धरून चाललो होतो. आधी त्याच्या पासपोर्टवर एक्झिटचा शिक्का बसला. मग माझा कागद पाहून अधिकारी हसला, "असली किधर है?" भाऊ गोंधळला. "दादा, माझा शिक्का बसला रे, आता काय करू?" "जा की! साहेब माणूस तू, तुझा पासपोर्ट तुझ्याच खिशात," मी म्हणालो, आणि उन्हात टॅक्सी शोधून एकटाच शारजाला, रोल्ला भागातल्या माझ्या खोलीवर परतलो. त्याच्या खिशातल्या त्या निळ्या पुस्तकाचा मला इतका हेवा वाटला, की पुढे तो काही सांगायला आला तेव्हा "मस्कतच्या गोष्टी मला नकोत" म्हणून त्याला गप्प केलं. कितीतरी वर्षं तो मला तिथल्या समुद्रावर मजेत फिरताना दिसत राहिला. काल ते पान उघडलं. बाहेर पडल्याचा आणि परत आल्याचा, दोन्ही शिक्के त्याच दिवसाचे आहेत. तो माझ्या मागोमागच वळला होता. मस्कत त्यानेही पाहिलं नव्हतं.