पांढरे पिस्तूल

मी आयुष्यभर महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवले. पण पोलादावरचा मुलामा कसा ओळखावा हे शिकले ते निवृत्तीनंतर, वडिलांसाठी. लिहिण्याच्या बाबतीतही मी नवखीच आहे. जे घडले ते घडले त्या क्रमाने सांगावे, एवढेच मला जमेल असे वाटते.

वडील घाटंजीला जिनिंगचे व्यवस्थापक होते. कापूस खरेदीची रोकड घेऊन त्यांना गावोगाव फिरावे लागे, म्हणून त्यांनी परवाना काढून एक जुने पिस्तूल घेतले होते. पुढे नोकरी संपली, काडतुसे त्यांनी जमा करून टाकली, पिस्तूल मात्र कपाटात राहिले. निवडणूक आली की ते ठाण्यात जमा करायचे आणि निकाल लागल्यावर परत आणायचे, एवढाच त्याचा प्रवास उरला होता.

मागच्या निवडणुकीनंतर त्यांच्यासोबत मी गेले. शिपायाने कापडी पिशवीतून पिस्तूल काढून टेबलावर ठेवले. वडिलांनी ते उलटसुलट करून पाहिले आणि त्याच्याकडे परत सरकवले.

“हे माह्यं नाही.”

“बाबा, नंबर पाहा ना,” शिपाई म्हणाला. “परवान्यावर हाच हाय.”

“नंबर असंल. माह्यं पांढरं होतं, चांदीवानी. हे काळं कोनाचं हाय?”

“निवडणुकीत लोकं पार्ट्या बदलतात बाबा, पिस्तुलं कायले बदलतीन?”

मागे उभे असलेले लोक हसले. वडिलांनी माझ्याकडे पाहिले. मी सही कुठे करायची ते दाखवले. त्यांनी सही केली. पण पिशवीला हात लावला नाही. ती मीच उचलली.

त्याआधी काही दिवस यवतमाळच्या डॉक्टरांनी त्यांना वार, महिना, घरातल्या माणसांची नावे असे बरेच काही विचारले होते. नंतर मला बाजूला घेऊन त्यांनी आजाराचे नाव सांगितले आणि औषध लिहून दिले. ते औषध मी आणले नव्हते. वडिलांना वीस गावांतले कापसाचे व्यापारी नावानिशी आठवत होते. एखादा वार चुकला तर काय झाले, असे मी स्वतःला समजावत होते.

ठाण्यातून परतताना मनात जी इच्छा आली ती सांगायला आजही संकोच वाटतो. ते पिस्तूल खरोखरच दुसऱ्याचे निघावे, असे मला वाटू लागले. ते बदललेले असेल तर वडील बरोबर होते आणि डॉक्टर चुकत होते. ते त्यांचेच असेल, तर मग ते औषध आणावे लागणार होते.

माझी स्वतःची साक्ष उपयोगाची नव्हती. लहानपणी मी ते पिस्तूल वर्षातून एकदाच, खंडेनवमीला पाहत असे. घरातली विळी, कात्री, वजनकाटा यांच्याबरोबर ते ताटात मांडले जाई. त्यावर ओल्या कुंकवाचा टिळा लावण्याचा मान माझा होता. अंगठा भिजवून, वरच्या सपाट भागावर, दाबून. दुसऱ्या दिवशी सोने वाटून होईपर्यंत पूजेतल्या वस्तूंना कोणी हात लावायचा नाही, असा नियम होता. ताटात काहीतरी चमकत असे हे मला नक्की आठवते. पण चमकत होते ते पिस्तूल की ताट, हे सांगता येत नव्हते. पुढे मी शिकायला यवतमाळला गेले आणि मग तिथेच राहिले. निवृत्त होऊन वडिलांजवळ परत येईपर्यंत घरी येई ती दिवाळीला. कपाट उघडण्याचे कारण कधी पडले नाही.

म्हणून मी वाचू लागले. निकेलच्या चकाकीत पिवळसर ऊब असते, क्रोम निळसर आणि थंड दिसतो. निकेल कडेला सोलला की खालून गंज डोकावतो. काळा थर म्हणजे लोखंडाचेच ऑक्साइड. तो नव्याने चढवण्याआधी धातू घासला असेल तर कोरलेली अक्षरे पुसट होतात आणि भोकांच्या कडा गोलावतात. हे सगळे वाचून मी रोज दुपारी खिडकीपाशी बसे आणि भिंगातून पाही. अक्षरे पुसट होती. मुठीच्या पट्ट्या साध्या शिसवीच्या, हाताने कापलेल्या दिसत होत्या. गोळ्या भरायचे मॅगझिन तर सरळ नव्या घडणीचे होते. आणि नंबर होता तो फक्त खालच्या सांगाड्यावर. वरच्या सरकत्या भागावर काहीच नव्हते. म्हणजे वरचा भाग दुसऱ्या पिस्तुलाचा असू शकत होता. प्रत्येक परका भाग सापडला की मला बरे वाटे. इतके बरे मला त्या वर्षात दुसऱ्या कशानेच वाटले नाही.

वडील पलंगावरून विचारत, “काय पाहून राह्यली वं बाई?”

“तुमचं आहे का ते पाहते.”

“मी सांगतलं ना नाही म्हनून. काहून ऐकत नाही?”

“ऐकते बाबा. म्हणूनच पाहते.”

शेवटी गाडी सांगून आम्ही दोघे यवतमाळला गेलो, परवानाधारक हत्यारांची दुरुस्ती करणाऱ्या दुकानात. दुकानदार मोकळ्या स्वभावाचा होता. त्याने वडिलांना बाकावर बसवले आणि चहा मागवला.

“बोला मॅडम. इकाचं हाय का ठेवाचं?”

“ओळखायचं आहे,” मी म्हटले. त्याला ते कळले नाही. मी पुन्हा, जरा मोठ्याने सांगितले.

त्याने मुठीचे स्क्रू काढले. पट्ट्या निघाल्या आणि त्यांच्याखाली, जिथे घासणाऱ्याचा हात पोचला नव्हता तिथे, पिवळसर पांढरी चकाकी होती. निकेल. मी जवळजवळ ओरडलेच, “बाबा, पांढरं होतं! तुमचं बरोबर होतं!”

“मंग?” वडील बाकावरून म्हणाले.

दुकानदार मात्र पिस्तूल उजेडात फिरवत होता. “पांढरं होतं, बराबर. पन मॅडम, हे काळं काही आजचं नाही. कडा पाहा, म्यानात घासू घासू काळंबी उडालं. पट्ट्याबी तवाच्याच असतीन. मॅगझिन तेवढं मागून आलं.”

“वरचा भाग दुसरा असेल,” मी म्हणाले. माझा आवाज मलाच हट्टी वाटला. “त्यावर नंबर नाही.”

“असू शकते. तुमीच पाहा.”

त्याने वरचा भाग काढून माझ्या हातात दिला. घरी मी तो दिव्याखाली कधी तिरपा धरला नव्हता. अक्षरे आणि कडाच पाहत राहिले होते. तिरप्या उजेडात काळ्या थराखाली बारीक खड्डे दिसले. गंज खाऊन गेल्यावर राहतात तसे, एकाच जागी, लांबट गोल. बाकीचा धातू गुळगुळीत होता. रात्रभर ओले राहिलेले कुंकू, वर्षानुवर्षे, त्याच ठिकाणी. आधी निकेल सोललेला, मग पोलाद खाल्लेले. मी त्यावर अंगठा ठेवून पाहिला नसता तरी चालले असते. पण ठेवला.

पुढचे समजायला वेळ लागला नाही. मी यवतमाळला असताना कधीतरी, निकेल गंजाने सोलला म्हणून, वडिलांनीच ते घासून काळे करून घेतले होते. आणि ते विसरले होते.

“काय सांगाचं मंग बाबाले?” दुकानदाराने हळू विचारले.

मी बाकावर वडिलांच्या शेजारी बसले. “बाबा, हे तुमचंच आहे. हे खड्डे पाहा. खंडेनवमीला मी इथे कुंकू लावायची.”

त्यांनी खड्ड्यांवरून नख फिरवले. कित्येक दिवसांत दिसला नव्हता असा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर आला.

“कुंकू आमची पोरगी लावे,” ते म्हणाले. “अंगठा लहान होता तिचा. तुमचा त मोठा हाय, मॅडम.”

दुकानदाराने चहाचे पेले उचलले आणि तो आत गेला.

“कुठे असते ती?” मी विचारले.

“शिकाले गेली. येते दिवाळीले. तिले इचारा पाह्यजे त, पांढरंच होतं सांगन ती.”

“पांढरंच होतं,” मी म्हणाले.

“मंग झालं. हे ज्याचं हाय त्याले देऊन टाका.” त्यांनी तो भाग माझ्या हातात ठेवला आणि धोतराला हात पुसले.

पिस्तूल तिथेच जमा केले. परतताना गाडी औषधाच्या दुकानापाशी थांबवली. मी उतरले तेव्हा वडिलांनी काच खाली करून ड्रायव्हरला विचारलेले मला ऐकू आले, “या बाई कोन हायत हो? लय चांगल्या हायत.”