भारी कोपऱ्यावरची चढाई

इस्लामपूर गाडीचा आमचा कंडक्टर तिकिटं फाडायला सुरुवात करायचा, ती गाडीतल्या सगळ्यात भांडकुदळ माणसापासून. कबड्डीतही त्याची तीच खोड. अंतिम सामन्यात समोरच्यांच्या उजव्या कोपऱ्यात पलटणीतून सुट्टीवर आलेला गडी उभा होता. त्यानं घोटा धरला, की म्हैससुद्धा जागची हलली नसती. आमच्या कंडक्टरला त्यानं दोनदा लोळवलं होतं. आता बरोबरी होती आणि शेवटची चढाई उरली होती.

"गड्या, तिकडं जाऊ नगंस. डावीकडची पोरं कच्ची हायती," आमचा कप्तान काकुळतीला आला.

"दोनदा आपटल्यावर तिसऱ्यांदा कोण गाढव येतंय, आसं त्योबी म्हणत आसंल," हा चड्डीची नाडी आवळत म्हणाला, "त्यो गाढव मी हाय."

खरंच, फौजी कमरेवर हात ठेवून डावीकडची गंमत बघत होता. यानं त्याच्या पायाच्या अंगठ्याला हात लावला आणि उडी मारून मधली रेघ गाठली. आमची आरोळी ऐकून कोयनानगरची माणसं भूकंप समजून घराबाहेर पळाली म्हणतात.

सोमवारी गाडीत बसलो, तर हा चाळीस माणसं ओलांडून थेट माझ्यापाशीच आला.

"बोला, तिकीट!"

मला राग यायला हवा होता; छाती मात्र फुगली.