धावपट्टीवर घेतलेलं नाव

परवा नागपूरहून विमानात बसले होते. उडायच्या आधी विमान एका पिवळ्या रेघेपाशी येऊन थांबलं ते थांबलंच... शेजारचा माणूस सारखा घड्याळ बघून चुळबुळत होता. मी मनात म्हटलं, थांब बाबा हवं तितकं. रेघ ओलांडली की काय होतं ते मी पाहिलंय.

गोष्ट एकोणीसशे पन्नासच्या दशकातली. चंद्रपूरला तेव्हा आम्ही चांदाच म्हणायचो. माझं सासर गोंडपिपरीकडच्या एका खेड्यात, आणि गावाबाहेर मुरूम दाबून केलेली एक धावपट्टी. कधीमधी एखादं लहान विमान उतरायचं, एरवी तिथे गावाची ढोरं रवंथ करत बसलेली असायची.

माझे सासरे, म्हणजे मामाजी, त्या पट्टीचे चौकीदार होते. विमान यायचं असलं की ढोरं हाकलायची, कडेने चुन्याची रेघ मारायची आणि लाल झेंडी घेऊन उभं राहायचं, हे त्यांचं काम. जेवताना ते माझ्या नवऱ्याला सगळं समजावून सांगायचे आणि मी दाराआडून ऐकायची... सुनेने सासऱ्यासमोर यायचं नाही, पण कान काही कोणी बांधून ठेवले नव्हते.

जमिनीवर असताना विमानाचं नाक वर असतं, त्यामुळे चालवणाऱ्याला नाकासमोरचं काही दिसत नाही, असं ते सांगायचे. म्हणून तो विमान नागमोडी आणतो, एकदा या बाजूने बघतो, एकदा त्या. आणि पंखा जोरात फिरत असला की डोळ्यांना दिसतच नाही. "पंखा फिरून राह्यला तोवर रेघेच्या अलीकडंच राहाचं," हे तर घरात इतक्या वेळा ऐकलं होतं की मला पाठ झालं होतं.

सासूबाईंना मात्र वाटायचं, हे सगळं ढोरांसाठी आहे.

त्या दिवशी बांबूचं जंगल बघायला कोणी मोठे साहेब येणार होते. पाहुणा आला की त्याच्या पायावर पाणी घालायचं, ओवाळायचं आणि मगच त्याने पुढचं पाऊल टाकायचं, ही आमच्या गावची रीत. आत्याबाई (मी सासूबाईंना आत्याबाई म्हणायची) गडवाभर, म्हणजे तांब्याभर, पाणी आणि पेटलेल्या दिव्याचं ताट घेऊन पुढे, मागे गावातल्या बायका. मला थोरल्याच्या वेळचे दिवस भरत आलेले, म्हणून मी रेघेपाशीच उभी.

विमान उतरलं, आमच्यासमोरून धुरळा उडवत पट्टीच्या पार टोकाला गेलं. बायकांना वाटलं, झालं, आलं विमान... निघाल्या की सगळ्या पट्टीवर. ते टोकाला वळून पुन्हा इकडेच येणार, हे कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं. मामाजी त्या दुसऱ्या टोकाला, तिथून त्यांची झेंडी नुसती फडफडताना दिसत होती.

विमान वळलं आणि नागमोडी येऊ लागलं. बायका डावीकडे सरकल्या तर ते डावीकडे, उजवीकडे सरकल्या तर उजवीकडे... त्यांना वाटलं आपल्याच मागे लागलंय. ताटं-तांबे टाकून सगळ्या कडेला पळाल्या.

आत्याबाई तेवढ्या पळाल्या नाहीत. ओवाळायला काढलेलं ताट मागे फिरवायचं नसतं ना... गडवा खाली ठेवून, दिव्याला पदराचा आडोसा करून त्या पट्टीच्या मधोमध उभ्या.  मी पळायला गेले तर पोट पेलवेना.

"आत्याबाई" म्हणून जीव खाऊन ओरडले. पण तिथली प्रत्येक बाई कोणाची ना कोणाची आत्याबाई होती, आणि त्यात इंजिनाचा आवाज. त्यांनी मानही वळवली नाही.

आमच्यात सुनेने सासूचं नाव घ्यायचं नाही. त्यांचं नाव भागीरथी, गावच्या तोंडी भागरथी. कथेत गंगेला कोणी भागीरथी म्हटलं तरी मी मान खाली घालायची. तर मी त्या दिवशी, भर गावासमोर, सगळा दम एकवटून ओरडले... "भागरथी!" नुसतं. पुढे बाई नाही, काही नाही.

त्या जागच्या जागी गर्रकन वळल्या. डोळ्यांत अंगार. ताट तसंच हातात घेऊन तरातरा माझ्याकडे आल्या, रेघ ओलांडून, अगदी अंगावर. "माह्यं नाव घेतलं तुनं?"

आणि त्यांच्या पाठीमागून विमान गेलं. धुरळा बसला तेव्हा गडव्याची भाकरी झालेली दिसली. आत्याबाई तिथेच मातीत बसल्या. मामाजी धापा टाकत आले.

त्यानंतर बरेच दिवस आत्याबाई माझ्याशी बोलल्या नाहीत. मला धास्ती, आता माहेरी धाडतात की काय. चपटा गडवा मात्र त्यांनी मोडीत दिला नाही, माठावर झाकण म्हणून ठेवला, आणि पाणी घेताना तो उचलायच्या तेव्हा माझ्याकडे बघायच्या.

पुढे खूप वर्षं गेली. मामाजी गेले, आत्याबाईंचे भाऊ गेले. एका दुपारी त्या अंगणात खाटेवर पडल्या होत्या, मी पाय चेपत होते. मधेच म्हणाल्या, "माह्यं नाव घेणारं कोणी राह्यलं नाई आता. तूच घे बाई, एक बार."

 मी घेतलं, हळूच... आणि त्यांनी लहान पोरीसारखी ओ दिली.

परवा विमान त्या पिवळ्या रेघेवरून हललं तेव्हा मी पुन्हा ते नाव घेतलं. मनात नाही, मोठ्याने. शेजारच्या माणसाने चमकून पाहिलं... पाहू दे.